नऊ नंबरचा चेहरा

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की बाई मध्येच ओरडायला का लागल्या. कपडे अल्टर करायचं दुकान आहे माझं, पस्तीस वर्षं झाली. लोकांची पोटं सुटतात, ते कबूल करत नाहीत, आणि खापर शिवणीवर फोडतात. रोज दहा जणांना हसतमुखानं 'कापडच आटलंय हो' म्हणून सांगायचं, यात कुणाचंही डोकं बिघडेल.

पण गोष्ट माझी नाही, माझ्या धाकट्याची आहे. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. शाळेच्या दाखल्यावर त्याला चांगलं नाव आहे, पण घरात तो धाकटा आणि गावात चेहरेवाला. त्या दिवसापर्यंत आम्ही सगळे धाकटाच म्हणत होतो, म्हणून मीही तसंच म्हणते. पुढचं पुढे बघू.

धाकटा पुतळ्यांचे चेहरे रंगवतो. चौकातले पुतळे नव्हेत, कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे असतात ते. साच्यातून अंग निघतं, ते घासतात, त्यावर कातडीचा रंग फवारतात, आणि मग तो टकला, कोरा पुतळा धाकट्यासमोर येतो. भुवया, पापण्या, बुबुळं, ओठ. दिवसाला आठ चेहरे. बायकांच्या पुतळ्यांचं खातं पहिल्यापासून त्याच्याकडे. पुरुषांच्या पुतळ्याला तो हात लावायचा नाही. मालकानं दोनदा सांगून पाहिलं, दोन्ही वेळा याला ताप आला. मालक म्हणायचा, हात नाजूक आहे त्याचा. मीही तेच म्हणायचे. हल्ली बिनडोक्याचे पुतळे निघालेत, त्यामुळे आठाचे पाच चेहरे झाले, पण धाकट्याची नोकरी टिकून आहे, कारण पापण्या काढाव्यात तर त्यानंच.

आता मिशीचं सांगते. आमच्या वडिलांना मिशी होती, दाट, दोन्ही टोकांना किंचित वर वळलेली. ते गेले तेव्हा धाकटा एकोणीस वर्षांचा होता, काडीसारखा. मी म्हटलं, तू मिशी ठेव, चेहरा भरल्यासारखा दिसेल. त्यानं ठेवली. वाकडी वाढायची, म्हणून दर पंधरा दिवसांनी मीच माझ्या बारीक कात्रीनं सारखी करून द्यायचे. बत्तीस वर्षं. त्यानं कधी हूं की चूं केलं नाही. मला वाटायचं, आवडते त्याला.

चार वर्षांपूर्वी धाकटा वाचनालयाच्या हॉलमधल्या रविवारच्या चित्रकलेच्या वर्गाला जायला लागला. वर्ग घेतात ते सर शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. माणूस सरळ, पण नियमांचा भयंकर. पेन्सिलला टोक कुठल्या बाजूनं करायचं, यालाही नियम. आणि त्यांचा सगळ्यात मोठा नियम असा: वर्षातून एकदा प्रत्येकानं आरशात बघून स्वतःचं चित्र काढायचं. ती सगळी चित्रं हॉलमध्ये लावायची, खाली नाव नाही, फक्त नंबर, आणि प्रत्येकाखाली एक पुठ्ठ्याची पेटी. गावातल्या लोकांनी यायचं, चित्र बघायचं, 'हा अमका' म्हणून चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. निम्म्याहून जास्त लोकांनी ओळखलं तर चित्र पास. नाही तर नापास. शेवटी सर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या मोजणार आणि चुकलेल्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून दाखवणार. गर्दी होते ती त्या चुकलेल्या चिठ्ठ्या ऐकायलाच, चित्रांचं काय घेऊन बसलात!

धाकटा तीन वर्षं ओळीनं नापास झाला.

गंमत म्हणजे चित्रात काही चूक नसायची. नाक नाकाच्या जागी, मिशीचा केस न् केस मोजून काढलेला. पण ओळखेल तर शपथ! पहिल्या वर्षी लोकांनी लिहिलं, पोस्टमास्तर. दुसऱ्या वर्षी कुणी लिहिलं, शेव्हिंग क्रीमच्या खोक्यावरचा माणूस. तिसऱ्या वर्षी निम्म्या चिठ्ठ्या कोऱ्याच निघाल्या, आणि एकीवर होतं, 'आमचे वडील'. ती माझी होती. सख्खी बहीण, ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याचं चित्र समोर, आणि मी वडील लिहून मोकळी झाले. त्या दिवशी घरी येताना धाकटा एवढंच म्हणाला, "ताई, तुझं अगदीच चुकलं नाही." मला काही कळलं नाही. मी म्हटलं, पुढच्या वेळी मिशी जरा हलकी काढ.

चौथ्या वर्षी नापास झालं की सर थेट मागच्या बाकावर पाठवतात, बरण्या आणि कांद्यांची चित्रं काढायला. म्हणून धाकट्यानं जेव्हा माझ्या दुकानातला तीन बाजूंनी दाखवणारा आरसा मागितला, ट्रायल रूममधला, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दुकान बुधवारी बंद असतं. बुधवारी दुपारी बस निवांत, म्हटलं, फक्त फरशीवर वर्तमानपत्र घाल.

तिसऱ्या बुधवारी मी चष्मा दुकानात विसरले होते. घरी बसून आमच्या ह्यांच्यावर ओरडून झालं, चष्मा काही सापडेना, तेव्हा आठवलं. माझी किल्ली लावून आत गेले. ट्रायल रूमचा पडदा उघडाच होता.

तीनही आरशांत धाकटा. अंगात निळा, लांब बाह्यांचा ड्रेस. एका हातात ब्रश, दुसऱ्यात रंगाची पाटी, मिशीखाली ओठ दुमडलेले, अगदी तंद्री लागलेली.

माणसाच्या डोक्यात अशा वेळी काय यावं? काहीतरी मोठं यायला हवं, नाही का? माझ्या डोक्यात आलं ते तोंडातून बाहेर पडलंसुद्धा.

"अरे, हा डॉक्टरीणबाईंचा ड्रेस आहे!"

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. उंच, खांद्यांनी रुंद, आणि हिशेबानं हसणाऱ्या. कुठल्याशा समारंभासाठी ड्रेस कमरेत घ्यायला टाकला होता. मी टाचण्या लावून ठेवला होता.

धाकटा इतका दचकला की टाचण्या टोचून 'आई गं' म्हणाला. "ताई, मी..."

"बाहीला रंग लागलाय! ऑइल पेंट! उद्या न्यायला येणारेत त्या!"

"कुठे?" म्हणत त्यानं कोपर बघायला हात फिरवला, आणि ब्रश दुसऱ्या बाहीला पुसला गेला.

"हलू नकोस! आहेस तिथं उभा राहा! एक बोट हलवलंस तर बघ!"

"कमरेत टोचतंय गं."

"टोचू दे!"

मी टर्पेंटाइनची बाटली घेतली, जुनं सुती फडकं फाडलं, एक तुकडा बाहीच्या आतून धरला आणि बाहेरून टिपायला लागले. ऑइल पेंट घासायचा नसतो, पसरतो. कडेकडेनं आत टिपत जायचं. मी टिपत होते आणि तोंडाचा पट्टा चालू होता: पस्तीस वर्षांचं नाव आहे माझं, लोकांचे कपडे विश्वासानं येतात, आणि घरातलाच माणूस असा गळा कापतो!

"ताई, मला एक सांगायचंय," धाकटा म्हणाला.

"हात वर कर."

त्यानं केला. "मी हे गंमत म्हणून नाही घातलंय."

"आता दुसरा."

"लहानपणापासून वाटतंय मला हे. कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं वय झालं की जाईल. एक्कावन्न झालं, अजून जात नाही."

"बोलताना खांदा हलतोय तुझा."

"ताई, मी तुझा भाऊ नाही गं. तू म्हणतेस म्हणून आहे. मनानं बहीणच आहे मी तुझी."

माझा हात थांबला. फडकं बाहीवर तसंच राहिलं, आणि मी पहिल्यांदा मान वळवून चित्राकडे पाहिलं.

आता ऐका हं. जो माणूस आयुष्यभर बायकांचे सुंदर चेहरे काढतो, त्यानं स्वतःला काढताना थोडं तरी झुकतं माप द्यावं की नाही? काडीचंही नाही. तेच मोठं नाक. डोळ्यांखाली पिशव्या. कानाजवळचा तीळ. मानेपर्यंत केस, करडे, मागे सारलेले. मिशी नाही. बँकेच्या रांगेत माझ्यापुढे उभी असेल अशी एक एक्कावन्न वर्षांची बाई, निळ्या ड्रेसमध्ये, सरळ माझ्याकडे बघत होती.

"मिशी कुठाय?" मी विचारलं.

"ती माझी नाही. तू कापतेस म्हणून आहे."

मी फडकं त्याच्या हातात कोंबलं, चष्मा घेतला आणि घरी आले. डाग पुरता निघाला नव्हता, तो त्यानंच काढला. चांगला काढला, शोधून सापडला नसता.

दोन दिवस मी बोलले नाही. मी बोलत नाही म्हणजे घरात भूकंप झाल्यासारखं असतं. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? वजनकाटे दुरुस्त करून रिटायर झालेला माणूस. कुठलीही गोष्ट दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही सवय. मी सगळं सांगितलं. रडत रडत सांगितलं.

"बरं," ते म्हणाले.

"बरं काय? मी काय म्हणाले ते कळलं का?"

"कळलं की. मग रविवारी पत्त्यांना येणार ना तो? म्हणजे ती?"

मी कपाळावर हात मारून घेतला. माझा इथं जीव जातोय आणि यांना पत्त्यांच्या चौथ्या हाताची काळजी!

त्याच संध्याकाळी धाकट्याला बोलावून मी सरळ सांगितलं. तुला काय वाटायचं ते वाटू दे, घरात काय घालायचं ते घाल, मी शिवून देते. पण ते चित्र हॉलमध्ये लावू नकोस. अख्खं गाव येतं तिथं. गेल्या वर्षीचं मिशीवालं पुन्हा दे. झालास नापास तर कांदे काढ, कांद्याचं काय वाईट आहे?

धाकटा कधी माझ्यापुढे आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. म्हणाला, "ताई, तीन वर्षं मी मिशीवाला काढला, एकानंही ओळखला नाही. तूसुद्धा नाही. आता हिला लावून बघतो. लोकांनी ओळखलं, तर मी समजेन की मी आहे. नाही ओळखलं, तर हे सगळं माझ्याच डोक्यातलं खूळ म्हणायचं. मग मी मिशी ठेवतो, गप्प बसतो, आणि पुन्हा हा विषय काढत नाही. शपथ."

आणि तो शपथ पाळणारा आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच माझ्या मनात जे आलं त्याची मला आजही लाज वाटते. मी मनात म्हटलं, होऊ दे नापास. एकदा नापास झालं की सुटलो सगळे. तो बत्तीस वर्षं गप्प बसला, आणखी वीस बसेल. असं मी, त्याची ताई, मनात म्हणाले. दुकानात येणाऱ्या एकाही गिऱ्हाइकाला मी त्या वर्षी 'प्रदर्शनाला या' म्हटलं नाही. जितके कमी येतील तितकं बरं.

पुढे कळलं, आमच्या ह्यांनी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

चित्र द्यायला गेला तेव्हा सरांनी चष्मा वर केला, खाली केला. हे मला धाकट्यानं सांगितलं. सर म्हणाले, "तुम्हाला मिशी आहे. हिला नाही." धाकटा म्हणाला, "सर, आरशात दिसेल तेच काढायचं, हा तुमचाच नियम. मला हीच दिसते." सरांनी नियमांची वही काढली, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, कुठे आडकाठी सापडेना. शेवटी म्हणाले, "नऊ नंबर," आणि चिकटपट्टी फाडून दिली.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉल खच्चून भरलेला. बारा चित्रं, बारा पेट्या. धाकटा खिडकीपाशी भिंतीला टेकून उभा, मिशी जागच्या जागी, तोंडचं पाणी पळालेलं. मी नऊ नंबरच्या जवळ एक खुर्ची ओढली आणि पहारा द्यायला बसावं तशी बसले.

पहिला आला तो पेपर टाकणारा म्हातारा. चित्रापुढे थांबला, अर्धं मिनिटसुद्धा नाही, आणि म्हणाला, "अरे, हा तर आपला चेहरेवाला!"

"कशावरून?" मी डाफरले.

"कशावरून म्हणजे? रोज पेपर टाकतो त्याच्याकडे. असाच तर बघतो तो." आणि चिठ्ठी टाकून दहा नंबरकडे गेला. चेहऱ्यावर नवल नाही की काही नाही.

मग वाचनालयाची बाई आली, तिनं ओळखलं. पुतळ्यांच्या कारखान्याचा मालक आला, त्यानं लांबूनच ओळखलं, फक्त म्हणाला की पापण्या कंजूषपणे काढल्यात. माझी गिऱ्हाइकं येत होती, माझ्याकडे बघून हसत होती, चिठ्ठ्या टाकत होती. काही जणी कुजबुजल्या, नाही असं नाही. पण ओळखत होत्या. मी खुर्चीत बसून घामाघूम. अहो, मिशी हलकी काढ म्हणून सांगणारी मी! मिशी मुळातूनच गेली आणि जो तो म्हणतोय, हा बघा चेहरेवाला!

डॉक्टरीणबाई आल्या आणि चित्रापुढे खिळल्या. मी खुर्चीत जमेल तितकी लहान झाले. त्यांनी चित्र बघितलं, स्वतःच्या बाह्या बघितल्या, कारण तोच ड्रेस घालून आल्या होत्या, मग माझ्याकडे बघितलं. मी छताचा पंखा बघत होते. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

आणि मग आला तो बँकेतला कॅशियर. दोघा मित्रांना घेऊन. नऊ नंबरपुढे उभा राहिला आणि खिदळत म्हणाला, "ही काय थेरं! या वयात?"

आता खरं सांगते. हेच वाक्य मी गेले दहा दिवस मनात म्हणत होते. शब्द न् शब्द हेच. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली की मी कधी उभी राहिले तेच कळलं नाही.

"थेरं?" मी म्हटलं. "थेरं कुणाला म्हणतोस रे? चार वर्षांत पाच वेळा तुझ्या पँटची कंबर उसवून दिली मी! दर वेळी सांगितलं, कापड आटलंय! आटलंय का कापड? सांगू सगळ्यांना?"

कॅशियरनं पोट आत घेतलं आणि मित्रांसकट सहा नंबरकडे सरकला. कॅशियरच कशाला, हॉलमधल्या निम्म्या लोकांनी पोटं आत घेतली.

मी तिथंच उभी, आणि समोर नऊ नंबर. आता चुकवायला जागा नव्हती. मी नीट बघितलं. आणि मला ओळख पटली. तोंडवळ्याची नव्हे, बघण्याची. धाकटा पाच-सहा वर्षांचा असताना माझ्या शिलाई मशीनखाली बसून बटणं ओळीनं मांडायचा, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि मध्येच वर बघायचा. अस्सा. काही न मागता, खूश. ते बघणं मी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मला वाटलं होतं, मोठं झालं की जातंच ते. ते गेलं नव्हतं. माझ्या कात्रीनं सारख्या केलेल्या त्या मिशीमागे ते मूल इतकी वर्षं एकटं बसून होतं, आणि मी दर पंधरा दिवसांनी ते दार नीट लावून घेत होते. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

मी चिठ्ठी घेतली, लिहिली, चार घड्या घालून पेटीत टाकली. कुणाला दाखवली नाही.

संध्याकाळी चार वाजता सरांनी टेबल मधोमध घेतलं आणि मोजायला सुरुवात केली. एक ते आठ नंबर कसे गेले मला विचारू नका. नऊ नंबरची पेटी उघडली तेव्हा धाकटा माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला होता. सर एकेक चिठ्ठी उलगडून दोन ढीग करत होते. बरोबर, बाद. बरोबर, बरोबर, बाद. शेवटी मान वर करून म्हणाले, "एकूण सेहेचाळीस. बरोबर एकतीस. नऊ नंबर, चेहरेवाला. पास."

टाळ्या झाल्या. आमच्या ह्यांनी शिट्टी मारली, वय वर्षं अडुसष्ट. धाकट्यानं डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या खुर्चीवरच्या बाईंनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, झालं, सुटलो, आता घरी जाऊन निवांत बोलू.

पण सरांचा नियम! त्यांनी बाद ढीग पुढे ओढला.

"'सरांची पत्नी,'" त्यांनी वाचलं आणि नाराज झाले. लोक हसले. "'बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीतल्या बाई.' 'चेहरेवाल्याची आत्या.' पुढची जरा मोठी आहे. 'कोण ते माहीत नाही, परंतु ड्रेस माझा आहे. खुलासा व्हावा.'" हॉलमध्ये हशा पिकला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. सर चष्मा पुसून पुढची चिठ्ठी उलगडायला लागले, आणि त्या चार घड्या मी लांबूनच ओळखल्या.

"'माझी धाकटी बहीण,'" सरांनी वाचलं.

लोक पुन्हा हसले. सर म्हणाले, "यात कुणाची तरी फारच मोठी चूक झालेली दिसते. बाद," आणि चिठ्ठी ढिगात टाकली.

"बाद नाही ती!"

हे मीच म्हणाले होते. उभी राहून. घरून निघताना आमच्या ह्यांनी बजावलं होतं, तू आज तोंड उघडू नकोस, जे सांगायचं ते त्याला सांगू दे. मी हो म्हटलं होतं.

सर म्हणाले, "ती तुमची चिठ्ठी होय? पण बाई, तुम्हाला बहीण कुठे आहे? एक भाऊ, तो हा बसलाय."

मी तोंड उघडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही बाहेर आलं नाही. कारण पुढचं वाक्य माझं नव्हतंच. मी खाली धाकट्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता आणि मला कळून चुकलं की मी घात केला. घरात, आमच्या चौकटीत, त्याच्या सवडीनं जे सांगायचं ते मी आपल्या जिभेनं चव्हाट्यावर आणून ठेवलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हळूच म्हटलं, "चुकलं माझं. आपण जाऊ या घरी."

धाकट्यानं माझा हात बाजूला केला आणि उठून उभा राहिला. मिशीवर घाम होता. एकदा खाकरला.

"सर," तो म्हणाला, "ताईला बहीण आहे. मी आहे. ती चिठ्ठी बरोबर आहे, मोजा."

कुणी हसलं नाही. सर नियमांच्या वहीवर हात ठेवून नुसते बसले होते. मग मागून पेपरवाल्या म्हाताऱ्याचा आवाज आला, "मोजा हो सर! अजून तीन नंबर राहिलेत!"

सर भानावर आले. त्यांनी बाद ढिगातून माझी चिठ्ठी काढली, तळहातानं सपाट केली, पुन्हा एकदा वाचली, आणि दुसऱ्या ढिगावर ठेवली. मग पेनाचं टोपण काढून तक्त्यावरचा आकडा खोडला.

"दुरुस्ती," ते म्हणाले. "नऊ नंबर. बरोबर बत्तीस."

धाकटी खाली बसली. मी तिचे हात घट्ट धरले. आणि मग आम्ही दोघी भर हॉलमध्ये, दहा नंबरची मोजणी चालू असताना, अगदी हुंदके देऊन रडलो. सरांनी दोनदा शांतता राखा म्हणून सांगितलं. आमच्या ह्यांच्या खिशात रुमाल एकच होता. तो त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला, दोघींपैकी कुणाला द्यावा ते ठरेना म्हणून, आणि शेवटी आधी धाकटीला दिला.